रिंगेला पाडलेली भोके

सायकल हलकी करण्यासाठी रिंगेला, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या कड्याला, दोन आऱ्यांच्या मधोमध भोके पाडण्याची युक्ती जुनी आहे. हिशेब वरवर सरळ दिसतो. धातू काढला की वजन घटते, आणि फिरणाऱ्या कडेचे वजन घटले की सायकल चपळ होते. त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा थोडाफार खरा आहे. काढलेला धातू तिथे कोणते काम करत होता, हा तिसरा प्रश्न बहुतेक वेळा भोक पाडून झाल्यावरच सुचतो.

या छंदाचा भर १९७० च्या दशकात होता. इटली आणि फ्रान्समधल्या शर्यतीच्या सायकलींवर ब्रेकचे लिव्हर, पेडलजवळची दातेरी चकती, सीटचा दांडा, जे हाती लागेल ते ड्रिलखाली गेले. एखाद्या नव्या धातूचे नाव वाटावे असे ‘ड्रिलियम’ हे गमतीचे नावही त्याला पडले. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्याची सायकल एर्नेस्तो कोलनागो यांनी बांधली होती आणि तिचे वजन पावणेसहा किलोंच्या आसपास होते. तिच्या हँडलला भोके होती आणि साखळीसुद्धा कोरून हलकी केलेली होती. ती बंदिस्त ट्रॅकवर तासभर चालवण्यासाठी बनलेली सायकल होती, खड्ड्यांतून वर्षभर हाकण्यासाठी नव्हे. हा तपशील मात्र तिची नक्कल करणाऱ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

एका भोकाने किती वजन कमी होते, हे कागदावर सहज काढता येते. रिंगेचा पत्रा १ मिलीमीटर जाड आणि भोक १० मिलीमीटर व्यासाचे धरले, तर लोखंडी रिंगेतून सुमारे ०.६ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमच्या रिंगेतून ०.२ ग्रॅम धातू निघतो. आपल्याकडच्या साध्या, उंच सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. प्रत्येक दोन आऱ्यांमध्ये एक याप्रमाणे ७२ भोके पाडली, तर एकूण घट सुमारे ४४ ग्रॅम. कोंबडीचे एक अंडे त्याहून जड भरते, आणि सायकल असते वीस किलोंच्या घरातली. ॲल्युमिनियमच्या रिंगांची रेसिंग सायकल घेतली, तर ६४ भोकांमागे जेमतेम १४ ग्रॅम निघतात. बाटलीतले पाणी एक घोट कमी घेतले तरी तेवढे वजन वाचते.

चाकाच्या कडेचे वजन दुप्पट मोजावे, असे सायकलवाल्यांत नेहमी म्हटले जाते आणि त्याला आधार आहे. सायकल वेग घेते तेव्हा रिंग पुढेही सरकते आणि स्वतःभोवतीही फिरते, त्यामुळे तिला वेग द्यायला चौकटीतल्या तेवढ्याच वजनाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. पण हे दुपटीचे गणित वेग वाढवतानाच लागू होते. एकसारख्या गतीने चढ चढताना ग्रॅम हा ग्रॅमच, मग तो रिंगेत असो की खिशात. मुंबई–पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरतो तो बोरघाटात, आणि तिथली चढण सुमारे ५०० मीटर उंचीची आहे. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो असतील आणि स्वार सतत २५० वॅट जोर लावत असेल, तर नुसत्या चढणीला सुमारे २६ मिनिटांची मेहनत लागते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वेगळा. रिंगांतून काढलेल्या १४ ग्रॅमांनी या २६ मिनिटांतला सुमारे पाव सेकंद वाचतो. तोही स्वाराने वाटेत एकदा नाक शिंकरले नाही तरच.

आता दुसरी बाजू. रिंग नुसती गोल पट्टी नसते. चाक बांधताना आरे कसले जातात तेव्हा प्रत्येक आरा तिला आत, हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याकडे, ओढत असतो. रेसिंगच्या चांगल्या कसलेल्या चाकात एका आऱ्यावर १०० किलोंच्या आसपास ताण असतो. अशा ३२ आऱ्यांच्या ओढीने रिंग आपल्या परिघात सुमारे ५०० किलोंच्या दाबाने आवळली जाते. चाक उभे राहते ते याच आवळण्यामुळे. हा दाब रिंगेच्या पत्र्यातून वाहत असतो आणि वाटेत भोक आले की त्याला वळसा घालावा लागतो. पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला ताण किती वाढतो, हे जर्मन अभियंते कीर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले. रुंद पत्र्यात तो भोकाच्या कडेला तिप्पट होतो. रिंग तर अरुंद असते, आणि तिच्यात आऱ्यांच्या निपलांची, म्हणजे आरे रिंगेला जोडणाऱ्या छोट्या नटांची, भोके आधीच असतात. नवी भोके नेमकी त्यांच्या मधल्या शाबूत जागा खातात.

शिवाय हा भार स्थिर नसतो. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो तिथले आरे क्षणभर सैल पडतात आणि पुढे सरकले की पुन्हा ताणले जातात. २८ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते, म्हणजे १,००० किलोमीटरमध्ये रिंगेच्या प्रत्येक ठिकाणाला असे साडेचार लाख हेलकावे बसतात. पोलाद ठरावीक मर्यादेखालचे हेलकावे दीर्घकाळ सोसते. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, त्यात थकवा साठत जातो. भोकाच्या कडेला ड्रिलचा एखादा ओरखडा राहिलेला असतो, तडा तिथून निघतो आणि शेजारच्या निपलच्या भोकाकडे सरकतो.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात दिसतो. पैनगंगेच्या खोऱ्यातली जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात शेतरस्त्याने शंभर पावले सायकल ढकलली की गारा टायर आणि मडगार्डच्या मध्ये थापला जातो आणि चाक फिरायचे थांबते. काडीने कोरून काढलेला तसला एक मुठीएवढा गोळा ७२ भोकांनी वाचवलेल्या वजनाच्या कितीतरी पट जड असतो. पत्र्याला भोके असली तर हाच गारा टायरच्या बाजूला शिरतो आणि ओल धरून बसतो. लोखंडी रिंगेला गंजापासून वाचवणारा क्रोमचा मुलामा ड्रिलने कापलेल्या कडेवर उरत नाही, त्यामुळे गंज तिथूनच सुरू होतो.

या साध्या सायकलला बहुधा रॉडचे ब्रेक असतात. त्यांचे रबर रिंगेच्या बगलेवर न दाबता हबकडच्या पृष्ठावर, आऱ्यांच्या ओळीच्या दोन्ही अंगांना, खालून वर दाबते. भोक मधल्या पट्टीतून जरा जरी बाजूला सरकले तर रबर प्रत्येक फेऱ्याला त्याच्या कडेवर घासते आणि किसणीवर धरल्यासारखे झिजते. दोरीचे ब्रेक बगलेवर दाबतात, म्हणून तिथे तर भोकाचा विचारही करू नये.

भोक पाडण्याचे काम दिसते तेवढे सोपे नाही. रिंगेचा पृष्ठभाग वळलेला असतो, त्यामुळे पंचने खूण केल्याशिवाय ड्रिलची सुई घसरते. ॲल्युमिनियम सुईला चिकटते, म्हणून थोडे रॉकेल सोडत जावे लागते. सुई पलीकडे निघाली की आतल्या बाजूला पातळ, धारदार किनार उभी राहते. बोटाला ती फारशी जाणवत नाही, पण ट्यूबला बरोबर सापडते. किनार घासून काढली तरी ट्यूबचा धोका संपत नाही. हवेच्या दाबाने रबर भोकातून फुग्यासारखे बाहेर यायला पाहते, म्हणून वरून मजबूत रिम टेप लागते. साध्या सायकलला जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी लावण्याची रीत आहे. निपलची डोकी झाकायला ती पुरते, पण उघड्या भोकावर तीच पट्टी ट्यूबसोबत बाहेर ढकलली जाते. टेपचे वजन धरले की वाचलेल्या ग्रॅमांतले काही तिथेच परत येतात.

मग भोके कुठेच शोभत नाहीत, असेही नाही. वाळू आणि बर्फावर चालणाऱ्या, चार इंची टायरच्या फॅट बाइकची रिंग ८० मिलीमीटर रुंद असू शकते. तिच्या मधल्या भागात खरोखरच रिकामा धातू असतो. दीड मिलीमीटर जाड पत्र्यात ३० मिलीमीटरची ३२ भोके पाडली, तर एका चाकामागे ९० ग्रॅमच्या आसपास वाचतात. ही भोके कारखान्यातच, रिंगेचा आडवा छेद त्या हिशेबाने आखून पाडली जातात. टायरमधला दाबही अगदी कमी असतो, त्यामुळे रंगीत टेप भोकांतून नुसती डोकावते. दगडांवर, कठड्यांवर उड्या मारायच्या ट्रायल्स प्रकारच्या सायकलींतही भोकांच्या रिंगा सर्रास दिसतात.

रेसिंगच्या रिंगा करणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. फ्रान्सच्या माविक कंपनीने दोन आऱ्यांमधला पत्रा आरपार न भेदता वरून खरवडून पातळ केला आणि आऱ्याजवळ तो जाड ठेवला. तिच्या काही रिंगांत टायरकडच्या भिंतीला आऱ्यांची भोके मुळात ठेवलीच नाहीत, त्यामुळे रिंग ताठ राहिली आणि टेपही लागेनाशी झाली. भोके पाडण्याच्या छंदाला मिळालेले हे बहुधा सर्वांत चोख उत्तर असावे. २००० पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सायकलचे किमान वजन ६.८ किलो ठरवले. कार्बनच्या चौकटी ही मर्यादा सहज गाठू लागल्यावर ग्रॅमग्रॅम कोरण्याचा मोठा हेतूच उरला नाही.

रोजच्या सायकलचे चाक खरोखर हलके करायचे असेल, तर लोखंडी रिंग काढून ॲल्युमिनियमची बसवणे हा साधा मार्ग आहे. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते. रिंग जरा जाड केली तरी एका चाकामागे काहीशे ग्रॅम वाचतात, आणि दोरीचे ब्रेक पावसात ओल्या क्रोमपेक्षा ॲल्युमिनियमवर चांगले धरतात. फक्त सायकलला रॉडचे ब्रेक असतील तर ब्रेकही बदलावे लागतात, हा खर्च आधीच धरलेला बरा.

भोके पाडलेली रिंग चाकात आधीच असेल, तर ती अधूनमधून उजेडात फिरवून पाहावी. भोकाच्या कडेला केसाएवढी रेघ, निपलभोवती फुगलेला पत्रा किंवा कितीही वेळा आऊट काढला, म्हणजे चाक सरळ केले, तरी आठवड्याभरात पुन्हा येणारी डगमग, यांतले काहीही दिसले तर त्या रिंगेचे दिवस भरले असे समजावे. वेल्डिंग करून किंवा वॉशर लावून काही उपयोग होत नाही. नवी रिंग त्याच मापाची आणि तेवढ्याच आऱ्यांची असेल, तर हब आणि सरळ असलेले आरे मात्र काढून तिच्यावर पुन्हा बांधता येतात.