स्टॉकहोममधले आठ तास

पहाटे अम्मी तसबीह घेऊन जहाजाच्या डेकवर बसली होती. दोन्ही बाजूंना बेटंच बेटं. स्टॉकहोमच्या समुद्रात लहानमोठी सुमारे तीस हजार बेटं आहेत आणि जहाज त्यांच्यातून कित्येक तास वाट काढतं. रात्री तिला झोप नव्हतीच. जूनमध्ये इथे सूर्य दहानंतर मावळतो आणि साडेतीनच्या सुमारास उगवतो.

"तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते," ती म्हणाली. सांगायला गुडघे होते. खरी धास्ती होती डोक्यावरची ओढणी आणि परका मुलूख यांची. पण कोल्हापूरहून इतक्या लांब येऊन तिने खोलीत बसावं, हे आम्हाला पटेना. सहलीची बस न घेता आम्ही तिच्या चालीने निघालो.

धक्क्यापासून स्लुसेन जवळच आहे. तिथून छोट्या बोटीने यूरगॉर्डन बेटावर. बदलून आणलेल्या क्रोनरच्या नोटा खिशातच राहिल्या. इथे चहासुद्धा कार्डावर.

वासा हे शाही लढाऊ जहाज १६२८ साली पहिल्याच प्रवासात दीड किलोमीटरही न जाता बुडालं आणि १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढलं गेलं. ६४ तोफा, वरचा भार जास्त. आधी तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं झुललं की चाचणीच थांबवली, पण राजाला घाई होती. अम्मीने वर पाहून सांगितलं, "ऊस जादा भरलेली ट्रॉली हीच!"

पुढे ऐतिहासिक संग्रहालय. हेल्गो बेटावर १९५६ मध्ये सापडलेली काशाची छोटी बुद्धमूर्ती इथे आहे; ती आपल्या वायव्येकडची, सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. आम्ही तिच्यापाशी रेंगाळलो, तोवर अम्मी चांदीच्या नाण्यांच्या काचेपाशी पोहोचली होती. समरकंद, बगदादकडचे दिरहम! व्हायकिंग व्यापाऱ्यांकडे ही चांदी रशियातल्या नद्यांच्या वाटेने आली. स्वीडनच्या मातीत अशी हजारो नाणी सापडली आहेत. कूफी लिपीला नुक्ते नसतात, वाचायला जड. अम्मी ओठ हलवत बराच वेळ उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "ला इलाहा इल्लल्लाह लिहिलंय." हजार वर्षं जुनं नाणं, आणि त्यावर तिने लहानपणी मदरशात पाठ केलेला कलमा. त्यानंतर तिने गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

जोहरसाठी मेट्रोने मेदबोर्यारप्लात्सेनला गेलो. इथली मशीद म्हणजे १९०३ चं जुनं वीजकेंद्र. २००० साली तिथे मशीद सुरू झाली. जमात मिळाली, म्हणून मुसाफिर असूनही इमामामागे पूर्ण चार रकात पढलो. अस्र मात्र जहाजावर कस्र, दोनच. शेजारच्या सोमाली बाईंनी अम्मीचा हात धरून सलाम केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बोलणं बराच वेळ चाललं. जेवणाला हेरिंग मासा आणि उकडलेले बटाटे. हलालची खात्री नसली की मासा सोयीचा. मिठाशिवाय काही नाही. अम्मीने पर्समधून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली.

निघण्याच्या तासभर आधी आम्ही जहाजावर परतलो. तेव्हा आठवलं, की कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत समुद्रदेव पोसायडनची रोमन काशाची मूर्ती निघाली होती आणि ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. त्या बागेत आम्ही शेकडो वेळा भेळ खाल्ली आहे. आत मात्र एकदाही गेलो नव्हतो.

परतल्यावर पहिल्याच रविवारी अम्मी सकाळी नऊलाच तयार होऊन बसली.