गॅसची शेगडी : मांडणी, वापर आणि स्वच्छता

लाकूड, शेणी, कोळसा आणि केरोसीन ह्या इंधनांचा धोका माणसाला उघड दिसतो. चुलीतील निखारा बाहेर पडला तर तो लाल दिसतो, धूर कोंडला तर डोळे चुरचुरतात, आणि केरोसीन सांडले तर फरशीवर डाग पसरतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ह्या धोक्यांशी कसे वागावे हे घरातील लहान मुलासही कळत असे. गॅसचा धोका ह्या जातीचा नाही. तो दिसत नाही, आणि जेथे असेल असे वाटते तेथे तो बहुधा नसतो.

आपल्या देशात घरगुती वापरासाठी गॅसचे सिलिंडर प्रथम १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा-शेल कंपनीने विकण्यास आरंभ केला. इंडियन ऑइलच्या इंडेन गॅसची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कलकत्त्यात दिली गेली. पुढे बरीच वर्षे हे इंधन मुख्यतः शहरांतील ओट्यांपुरतेच राहिले. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाल्यावर मात्र ते खेड्यापाड्यांतील कोट्यवधी घरांत पोहोचले. ह्यांपैकी पुष्कळ घरांत ओटा नाही, स्वयंपाक जमिनीवर बसून केला जातो, आणि शेजारी लाकडाची चूलही पेटलेली असते. म्हणून ह्या वायूचा स्वभाव प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. तो एकदा समजला की पुस्तिकेत छापलेले बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

सिलिंडरमध्ये वायू असतो असे आपण म्हणतो. वास्तविक तेथे मुख्यत्वे द्रव असतो. प्रोपेन आणि ब्युटेन ह्या दोन वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूप करून पोलादी टाकीत भरलेले असते. घरगुती सिलिंडरमध्ये ह्या द्रवाचे वजन १४.२ किलोग्रॅम असते आणि तो टाकीचा सुमारे चार-पंचमांश भाग व्यापतो. उरलेल्या जागेत त्याची वाफ असते, आणि शेगडीत जळते ती ही वाफ. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते. ह्यावरून द्रव बाहेर पडणे हे वायू गळण्यापेक्षा किती अधिक भयंकर आहे हे ध्यानात येईल. सिलिंडर संपत आला म्हणजे शेवटचा गॅस मिळावा म्हणून तो तिरपा करण्याची किंवा आडवा निजवण्याची खोड काही घरांत आढळते. असे केल्याने झडपेतून वाफेऐवजी द्रवच बाहेर येऊ शकतो. ही खोड तत्काळ सोडावी.

ह्या वायूचा दुसरा गुणधर्म सर्वांत महत्त्वाचा आहे. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळालेला वायू धुराप्रमाणे छताकडे जात नाही. तो पाण्याप्रमाणे खाली उतरतो, जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात, मोरीत आणि उंबऱ्याच्या आत साचतो. हवेत त्याचे प्रमाण आकारमानाने सुमारे १.८ टक्क्यांपासून ९.५ टक्क्यांपर्यंत असले की ते मिश्रण ठिणगीने भडकते.

थोडा हिशेब करून पाहू. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असे स्वयंपाकघर घेतले तर त्यात २७ घनमीटर हवा असते. ही सर्व हवा भडकण्याजोगी होण्यास एक किलोग्रॅमहून थोडा अधिक वायू लागेल. परंतु वायू सर्वत्र सारखा मिसळत नाही. तो जमिनीलगतच्या ३० सेंटिमीटरच्या थरात राहिला, तर सुमारे ११० ग्रॅम एवढाच वायू त्या थरास ज्वालाग्राही करण्यास पुरेसा आहे. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम वायू जाळतो. म्हणजे दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि बटण तसेच उघडे राहिले, तर बंद खोलीत तासाभराच्या आतच जमिनीवर असा थर तयार होऊ शकतो. उभ्याने काम करणाऱ्यास त्याची चाहूल लागण्यास उशीर होतो. जमिनीवर बसून भाकरी करणारी व्यक्ती मात्र त्या थराच्या मधोमध बसलेली असते.

शुद्ध वायूस वास नसतो. म्हणून एथिल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात, आणि ते इतक्या प्रमाणात की हवा भडकण्यास लागणाऱ्या वायूच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका वायू असतानाच वास यावा. नाक हा उत्तम पहारेकरी खरा, पण तो सरावतो. त्याच खोलीत बराच वेळ बसलेल्या माणसास वास जाणवेनासा होतो, आणि वृद्धांना व पडसे झालेल्यांना तो मुळातच कमी येतो. बाहेरून आलेल्या माणसाने वास येत असल्याचे सांगितले तर त्याच्याशी वाद घालू नये.

आता मांडणी पाहू. सिलिंडर नेहमी उभा आणि सपाट जमिनीवर असावा. शेगडी त्याच्यापेक्षा उंच जागी, ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर ठेवावी. ओटा नसल्यास विटा रचून त्यांवर दगडी फरशी टाकली तरी काम भागते, परंतु सिलिंडरच्या शेजारी जमिनीवर शेगडी मांडणे टाळावेच. तळघरात किंवा खड्ड्यात सिलिंडर कधीही ठेवू नये, कारण गळालेल्या वायूस तेथून निघून जाण्यास वाट नसते. ओट्याखाली कपाट असेल तर त्याच्या दारास भोके हवीत, आणि तीही तळाशी. पुष्कळ सुतार शोभेसाठी वरच्या बाजूस जाळी बसवतात. जड वायूस तिचा फारसा उपयोग नाही.

आपल्या घरांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. अनेक घरांत देवघर स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात असते, आणि समई किंवा नंदादीप जमिनीपासून वीतभर उंचीवर रात्रभर तेवत असतो. जमिनीवर वायू पसरला तर तो प्रथम ह्याच ज्योतीपाशी पोहोचेल. दिवा दुसऱ्या खोलीत किंवा उंच फळीवर हलवण्यात श्रद्धेस बाध येत नाही. शीतपेटीचे तसेच आहे. तिच्यातील यंत्र आपोआप चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते, म्हणून तीही सिलिंडरपासून दूर असावी. गॅस जोडलेल्या खोलीत लाकडाची चूल एकाच वेळी पेटवू नये.

शेगडी खिडकीच्या झोताच्या थेट वाटेवर नको, कारण वाऱ्याने ज्योत विझते आणि आपल्याकडील पुष्कळ शेगड्यांत ज्योत विझताच वायू बंद करणारी योजना नसते. पण म्हणून खिडकी बंद ठेवणेही योग्य नव्हे. शेगडीची जागा बदलावी. रबरी नळी एक ते दीड मीटर लांबीची, तारेचे अस्तर असलेली आणि भारतीय मानक संस्थेचे चिन्ह छापलेली असावी. ती भिंतीतून ओवू नये, शेगडीच्या मागून तापलेल्या भागावर टेकू देऊ नये, आणि दर पाच वर्षांनी बदलावी. नळीस चिरा पडल्या किंवा ती कडक झाली तर पाच वर्षांची वाट पाहू नये. तिच्यावर कापडी किंवा प्लास्टिकचे आवरण चढवणे दिसण्यास नीटनेटके असेल, परंतु त्याखाली पडलेली चीर दिसत नाही.

सिलिंडर बदलण्यापूर्वी खोलीतील सर्व ज्योती विझवाव्यात, उदबत्तीसुद्धा. नव्या सिलिंडरची मोहोर शाबूत आहे ना हे पाहावे, आणि टोपी काढल्यावर झडपेच्या आतील रबरी कडी जागेवर आहे की नाही हे तपासावे; ही लहानशी कडी झिजलेली किंवा गहाळ असणे हे गळतीचे एक नेहमीचे कारण आहे. सिलिंडरच्या वरच्या कड्यास आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतील बाजूस ए, बी, सी किंवा डी ह्यांपैकी एक रोमन अक्षर आणि वर्षाचे दोन अंक रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. त्या मुदतीनंतर सिलिंडरची पुन्हा चाचणी होणे आवश्यक असते. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. काढलेली टोपी फेकून न देता दोरीसह सिलिंडरलाच राहू द्यावी, कारण अडचणीच्या वेळी झडप बंद करण्यास तीच उपयोगी पडते.

दाब कमी करणारे जे साधन आपण रेग्युलेटर म्हणून ओळखतो, ते सिलिंडरातील दर चौरस सेंटिमीटरला कित्येक किलोग्रॅम असलेला दाब सुमारे ३० ग्रॅमवर आणते. ते बसवल्यावर सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे फुगू लागले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अद्यापही आढळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

शेगडी पेटवताना काडी आधी, बटण मागाहून. लायटर असेल तर तो बर्नरपाशी नेऊन मगच बटण फिरवावे. एकदोन प्रयत्नांत ज्योत न लागल्यास बटण बंद करून थोडा वेळ थांबावे, वायू पांगू द्यावा. ज्योत निळी आणि स्थिर असावी. बुन्सेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ज्वालकाचे तत्त्वच आपल्या शेगडीत वापरलेले आहे. बारीक छिद्रातून वेगाने निघणारा वायू भोवतालची हवा ओढून घेतो, आणि दोन्ही मिसळून बर्नरच्या भोकांशी जळतात. हवा पुरेशी मिळाली नाही की ज्योत पिवळी होते आणि भांड्यांची बुडे काळी पडतात. अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो, आणि त्याला कसलाच वास नसतो. म्हणून पिवळी ज्योत दिसली की ती दुरुस्त करून घ्यावी, आणि शेगडी पेटलेली असताना एक तरी खिडकी उघडी असावी. थंडीत खोली उबदार करण्यासाठी शेगडी जळत ठेवून दारे लावून निजणे हे प्राणघातक ठरू शकते. बंद न्हाणीघरातील गॅसच्या बंबाने झालेल्या मृत्यूंचे कारण पुष्कळदा हाच वायू असतो.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये. बाहेरची ज्योत भांडे तापवीत नाही, पदर मात्र पेटवू शकते. कढईतील तेलाने पेट घेतल्यास बटण बंद करून वर घट्ट झाकण ठेवावे, पाणी कधीही ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल सर्वत्र उडते. रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा, केवळ शेगडीची बटणे नव्हेत.

लडाख, हिमाचल अशा थंड मुलुखांत हिवाळ्यात ज्योत मंदावते. द्रवाची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ब्युटेन तर शून्य अंशाच्या आसपासच उकळण्याचे थांबते. अशा वेळी सिलिंडर तापत्या पाण्यात ठेवणे किंवा त्याच्याजवळ शेकोटी आणणे हे साहस करू नये. सिलिंडर घरातील त्यातल्या त्यात उबदार, परंतु हवेशीर जागी ठेवावा.

वास आला तर काय करावे? प्रथम सर्व ज्योती विझवून रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण दाबू नये, लावण्यासाठी नको तसे बंद करण्यासाठीही नको. ठिणगी दोन्ही वेळी पडते. पंखा बंद असेल तर बंद राहू द्यावा, चालू असेल तर चालू. रेग्युलेटर काढून झडपेवर टोपी बसवावी, सर्वांनी बाहेर पडावे, आणि बाहेर गेल्यावरच १९०६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही आपत्कालीन सेवा सर्व राज्यांत उपलब्ध आहे. उघड्या दारातून जमिनीलगतची हवा झाडूने किंवा सुपाने बाहेर लोटण्याची जुन्या गृहिणींची युक्ती शास्त्रास धरूनच आहे.

स्वच्छतेचे काम शेगडी पूर्ण थंड झाल्यावर आणि रेग्युलेटर बंद करून करावे. बर्नरच्या टोप्या काढून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवाव्यात आणि ताठ कुंच्याने घासाव्यात. पितळी टोप्यांना चिंच चालते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग मात्र धुण्याच्या सोड्यात किंवा तीव्र आम्लात टाकू नयेत, धातू खाल्ला जातो. टोप्या पूर्ण वाळवून मगच बसवाव्यात, नाही तर ज्योत तुटक येते. बर्नरखालच्या नळीत झुरळे शिरतात आणि कोळी जाळे विणतात. अकस्मात पिवळी झालेल्या ज्योतीचे कारण काही वेळा एवढेच असते. ज्या बारीक छिद्रातून वायू येतो, त्याला जेट म्हणतात. त्यात सुई किंवा तार घालू नये. छिद्र केसभर रुंदावले तरी वायू अधिक सुटतो आणि ज्योत कायमची बिघडते. नळी ओल्या फडक्याने पुसावी, तिला तेल लावू नये.

अलीकडे बऱ्याच शहरांत नळाने येणारा नैसर्गिक वायू मिळू लागला आहे. तो मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका आहे. त्यामुळे वर सांगितलेला एक नियम येथे उलटा होतो : ह्या वायूस बाहेर जाण्याची वाट छताजवळ हवी. त्याला लागणाऱ्या जेटचे छिद्रही मोठे असते. सिलिंडरची शेगडी नळाच्या वायूवर किंवा नळाची सिलिंडरवर तशीच जोडू नये. जेट बदलण्याचे काम गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या कारागिराकडूनच करून घ्यावे.