नमद्यासारखी घट्ट पिशवी
काश्मिरी नमदा विणत नाहीत; लोकर ओली करून, लाटून घट्ट करतात. लोकरीच्या याच गुणाने घरी विणलेली पिशवीही मजबूत होते. भगिनींनो, त्यासाठी लोकर मात्र अस्सल मेंढीची हवी. अ‍ॅक्रिलिक आटत नाही. पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते. म्हणून आधी १० सेंटिमीटरचा चौकोन विणून गरम साबणाच्या पाण्यात चोळून पाहा. टाके दिसेनासे झाले, तर लोकर योग्य. चौकोन किती आटला ते मोजा आणि त्या हिशेबाने पिशवी मोठी, जाड सुयांवर सैल विणा. पिशवीही तशीच आटवून, ओली असतानाच मापाच्या डब्यावर चढवा आणि सावलीत वाळवा. शेवटी आतून सुती अस्तर लावा. पट्टे दुहेरी दोऱ्याने शिवा. ओझ्याचा सगळा ताण तिथेच येतो.