कठीण पेपर आणि सवलतीचे दहा गुण

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी शेलूबाजारच्या चौकात एसटीची वाट पाहत उभा होतो. आमच्या एका हमाल सभासदाच्या घरच्या बाईंनी मला तेथे गाठले. त्यांच्या मुलीने बारावीबरोबरची सीईटी दिली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, माह्या पोरीले सकायचा पेपर आला, तिच्या मैत्रिणीले दुपारचा. सकायचा लय कठीण होता म्हणतेत. मंग दोघीचं माप एकच कसं?"

मी संघटनेचा माणूस. पोत्यामागे काय दर पडतो, बोनस कसा काढतात, हे विचारले असते तर उभ्याउभ्या सांगितले असते. येथे मात्र "पाहून सांगतो" एवढेच म्हणता आले. पाहायला वर्ष लागले. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि रात्री पुस्तके उसनी आणून जास्त झालेले आहे; तेव्हा या विषयातल्या पंडितांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. परंतु जे मला समजले ते कोणालाही समजेल असा मला भरवसा आहे.

या प्रश्नाने माझी एक जुनी खपली निघाली, ती आधी सांगतो. तीसएक वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात मदतनीस होतो. वरच्या जागांसाठी लेखी परीक्षा ठेवली होती. माणसे जास्त म्हणून दोन दिवस, दोन पेपर. पहिल्या दिवसाचा पेपर असा की निम्म्यांनी मधेच हात टेकले. दुसऱ्या दिवसाचा सोपा. निवड झालेले सगळे दुसऱ्या दिवसाचे निघाले. आम्ही गेटवर सभा घेतली आणि मागणी केली की पहिल्या दिवशी बसलेल्या प्रत्येकाला सरसकट दहा गुण वाढवून द्या. व्यवस्थापनाने मागणी धुडकावली. त्याचा राग मी कित्येक वर्षे बाळगून होतो. आता गणित पाहिल्यावर असे दिसते की तक्रार आमची खरी होती, पण आम्ही मागितलेला उपाय चुकीचा होता. तो का, हेच आजच्या विषयाचे मर्म आहे.

बाजार समितीच्या आवारातले उदाहरण घेऊ. एका हमालाने दिवसात दोनशे पोती हलवली, दुसऱ्याने दीडशे. पहिला अधिक ताकदीचा का? तुम्ही लगेच विचाराल की पोती कुठे लावली. जमिनीवर पहिल्या थराला लावली की थप्पीच्या दहाव्या थराला? पोत्यांचा आकडा एकटा काही सांगत नाही. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, माणसाची ताकद आणि थराची उंची. परीक्षेतल्या गुणांचे तंतोतंत असेच आहे. गुण म्हणजे मुलाची कुवत आणि प्रश्नाचे काठिण्य यांची मिसळ. मिसळीतून मटकी वेगळी आणि शेव वेगळी काढायची, हा तो खटाटोप. त्याला प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत असे भारदस्त नाव आहे.

हा खटाटोप प्रथम करणाऱ्यांत डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश हे एक. १९५० नंतरच्या वर्षांत त्यांच्यापुढे वाचनात मागे पडलेल्या मुलांचा प्रश्न आला होता. त्यांची चाचणी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या उताऱ्यांवर घेतलेली होती. मग सुधारणा झाली ती मुलात, की नंतरचा उताराच सोपा होता? आमच्या बाईंचा प्रश्नच नव्हे का हा! राश यांचे या विषयावरचे पुस्तक १९६० साली कोपनहेगनला छापले गेले. अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी त्याआधी, १९५२ साली, याच दिशेने पाऊल टाकले होते.

राश यांनी कुवत आणि काठिण्य ही दोन्ही एकाच शिडीवर मांडली. मूल एका पायरीवर, प्रश्न एका पायरीवर. दोघे समान पायरीवर असतील तर उत्तर बरोबर येण्याचा संभव शंभरात पन्नास. मूल एक पायरी वर असेल तर संभव ७३, दोन पायऱ्या वर असेल तर ८८, तीन वर असेल तर ९५. खाली गेलात तर उलट. एक पायरी खाली २७, दोन पायऱ्या खाली १२, तीन खाली ५. सूत्रात महत्त्व फक्त अंतराला आहे. शिडीचा शून्य कोठे धरायचा हे आपण ठरवायचे. उंची समुद्रसपाटीपासून मोजावी की चौकापासून, तसेच हे.

आता आमच्या दहा गुणांकडे वळू. समजा पेपर चाळीस प्रश्नांचा आहे आणि, हिशेब सोपा जावा म्हणून, सगळे प्रश्न सारख्याच काठिण्याचे आहेत. प्रश्नांच्याच पायरीवर उभा असलेला मधल्या कुवतीचा कामगार २० गुण मिळवील. पेपर एक पायरी कठीण केला की त्याला मिळतील सुमारे ११. नऊ गुणांचा फटका बसला. तीन पायऱ्या वरचा हुशार कामगार सोप्या पेपरात ३८ मिळवील, कठीण पेपरात ३५. त्याचे गेले अवघे तीन. आणि दोन पायऱ्या खालचा? त्याचे ५ चे होतात २, म्हणजे त्याचेही तीनच. पेपर एकच, कठीणपणा एकच, पण मार सगळ्यांत जास्त बसतो तो मधल्याला.

यावर सरसकट दहा गुण वाढवले तर काय होते पाहा. मधल्याचे २१, म्हणजे बरेचसे योग्य. दुबळ्याचे १२, म्हणजे फुकटची खिरापत. आणि हुशाराचे ४५, तेही चाळीसपैकी! आम्ही गेटवर घसा कोरडा करून हीच मागणी करत होतो. गुणांत थेट बेरीज करून पेपराचा कठीणपणा भरून निघत नाही. आधी गुणांवरून शिडीची पायरी काढावी लागते आणि दुरुस्ती तेथे करावी लागते.

मग आपल्या सीईटीत काय करतात? २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. मुलीच्या सत्रात जितके बसले त्यांपैकी शेकडा किती जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळाले, तो तिचा आकडा. तो दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत छापतात. यात सरसकट बेरजेचा दोष नाही. सकाळचा पेपर कठीण असेल तर सकाळच्या सगळ्यांनाच कठीण गेला, आणि त्यांच्यात मुलीचा नंबर जो लागायचा तोच लागला. पद्धत निःसंशय चतुर आहे. मात्र ती प्रश्नांकडे पाहतच नाही, फक्त रांगेकडे पाहते. आणि तिचे सारे एका गृहीतावर उभे आहे, की सकाळची रांग आणि दुपारची रांग एकंदरीत सारख्याच तयारीची आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची सत्रांत वाटणी झाली आणि प्रत्येक सत्रात हजारो मुले असली तर हे गृहीत बरेच खरे ठरते.

हे मी त्या बाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "दोन्ही रांगा सारख्या होत्या, हे कोनं पाह्यलं?"

मला यापेक्षा चांगला प्रश्न एखाद्या प्राध्यापकालाही सुचला नसता. याचे उत्तर असे की पाहायचे असेल तर पूल लागतो. दोन गावांतल्या हमालांची तुलना करायची तर एकतर काही माणसे दोन्हीकडे काम केलेली पाहिजेत, नाहीतर दोन्ही आवारांत एक थप्पी सारख्या उंचीची पाहिजे. परीक्षेत दोन्ही पेपरांत काही प्रश्न तेच ठेवतात. त्या सामाईक प्रश्नांवरून दोन शिड्या एकमेकींना जोडता येतात. आपल्याकडे हे होते ते राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात. एनसीईआरटीने पाचवीच्या तिसऱ्या फेरीपासून ही पद्धत आणली. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर तिसरी, पाचवी, आठवी व दहावीच्या सुमारे ३४ लाख मुलांची अशी चाचणी झाली आणि निकाल ५०० च्या मापावर मांडला गेला. तेथे एकेका मुलाचा प्रवेश ठरत नाही, जिल्ह्याचे व राज्याचे मोजमाप होते. सामाईक प्रश्न ठेवण्यात एक धोकाही असतो. सकाळचा प्रश्न दुपारपर्यंत फुटतो. प्रवेशाच्या परीक्षेत ही भीती खोटी म्हणता येत नाही.

आता मिसळीतून मटकी वेगळी कशी काढतात ते पाहू. काम संगणकाचे आहे, पण त्यासाठी मोठे कार्यालय लागत नाही. ऑकलंड विद्यापीठाच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली 'आर' नावाची संगणकप्रणाली १९९५ पासून मुक्त परवान्याखाली, विनामूल्य मिळते. तिच्यावर चालणारी 'एलटीएम', 'एमआयआरटी' अशी याच कामाची जोडसाधने आहेत, तीही फुकट. माझ्या भाचीने ती तिच्या संगणकावर बसवून दिली. इंग्रजी सूचना वाचताना शब्दकोश मांडीवर ठेवावा लागला, हे कबूल करतो.

संगणकाला एक तक्ता द्यायचा. दर ओळीला एक उमेदवार, दर रकान्यात एक प्रश्न, बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०. बाकी काही नाही. 'एलटीएम'मध्ये सरावासाठी एक तक्ता आधीच दिलेला असतो. अमेरिकेतील कायदा महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेतले पाच प्रश्न आणि हजार उमेदवार. बॉक व लीबरमन यांनी १९७० साली त्यावर लेख लिहिला होता. पहिला प्रश्न ९२४ जणांना आला, दुसरा ७०९, तिसरा ५५३, चौथा ७६३, पाचवा ८७० जणांना.

संगणक आधी प्रत्येक प्रश्नाच्या काठिण्याचा एक अंदाज धरतो. त्या अंदाजावरून, अशी उत्तरे देणारा उमेदवार कोणत्या पायरीवर असण्याचा किती संभव, हे काढतो. त्यावरून प्रश्नांचे अंदाज सुधारतो. पुन्हा उमेदवार, पुन्हा प्रश्न. काटा हलेनासा झाला की थांबतो. डाळ तोलताना आपण चिमूट टाकतो, चिमूट काढतो, त्यातलाच हा प्रकार. रमत-गमत नव्हे, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर येते.

उत्तर असे आले की पहिल्या प्रश्नाचे काठिण्य उणे २.८७, पाचव्याचे उणे २.२२, चौथ्याचे उणे १.३९, दुसऱ्याचे उणे १.०६ आणि तिसऱ्याचे उणे ०.२६. शून्य म्हणजे त्या हजारांची सरासरी कुवत. पाचही आकडे उणे, म्हणजे सगळेच प्रश्न त्या मंडळींना सोपे. २९८ जणांची पाचही उत्तरे बरोबर होती. त्या २९८ मध्ये श्रेष्ठ कोण? हा पेपर ते सांगूच शकत नाही. पाच थरांच्या बुटक्या थप्पीवरून गावातला सर्वांत बळकट हमाल निवडण्यासारखे आहे ते. तरीही संगणक त्यांना एक आकडा देतो. कारण त्याने गृहीत धरले आहे की लोकांच्या कुवती घंटेच्या आकारात पसरलेल्या असतात, मधे पुष्कळ, टोकांना थोडे. तो आकडा त्यांच्या उत्तरांतून जितका आला, जवळजवळ तितकाच त्या गृहीतातूनही आला. छापील दशांश पाहून माणूस दबतो. म्हणून आकड्याशेजारी जो संभाव्य चुकीचा आकडा छापलेला असतो तो आधी वाचावा, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

चार पर्यायांच्या प्रश्नात ठोकताळ्यानेही चारात एक उत्तर बरोबर येते. त्यासाठी सूत्रात आणखी एक आकडा घालतात. शिवाय काही प्रश्न हुशार आणि कच्चा यांतला फरक स्पष्ट दाखवतात, काही दाखवत नाहीत, त्यासाठीही एक. ॲलन बर्नबाउम यांचे यावरचे काम १९६८ साली लॉर्ड व नोविक यांच्या ग्रंथात आले. पण आकडे वाढले की उमेदवारही पुष्कळ लागतात. एका वर्गातल्या चाळीस मुलांवर तीन-तीन आकड्यांचे सूत्र बसवणे म्हणजे अर्ध्या पायलीत खंडीभर ज्वारी मोजणे.

या तक्त्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते तीच आपल्या भागाला सर्वांत उपयोगाची आहे. सारख्याच पायरीवरची खेड्यातली मुले आणि शहरातली मुले घ्या. एखाद्या प्रश्नात शहरातली ७० टक्के उत्तीर्ण आणि खेड्यातली ४० टक्केच, असे दिसले तर दोष मुलांत नाही, त्या प्रश्नात काहीतरी आहे. गणित वेगाचे असेल, पण त्यात सरकता जिना घातलेला असेल. उलट त्याच गणितात तिफण घातली, तर आमची पोरे एका फेरीत तीन तासे पडतात हे धरून चालतील आणि पुण्याची मुले चित्र शोधतील. ज्या प्रश्नाचे उत्तर हुशार मुलांचे चुकते आणि कच्च्यांचे बरोबर येते, त्याची उत्तरसूचीच बहुधा चुकलेली असते. तोही या तक्त्यात उघडा पडतो. मात्र हे दिसण्यासाठी एकूण गुण पुरत नाहीत. प्रश्नवार एक-शून्याचा तक्ता, नावे काढून टाकून, बाहेर यावा लागतो. वेतनाच्या वाटाघाटीत आम्ही हजेरीपट मागतो, नुसती बेरीज मान्य करत नाही. यापुढे परीक्षेबाबतही हीच मागणी लिहून देणार आहे. सवलतीचे दहा गुण मात्र मी आता मागणार नाही.