साध्या वेल्डिंग मशीनवर ‘आर्गॉन’ वेल्डिंग जमतं का? जमतं, पण मशीनची अर्धी कामं तुमच्या हातावर येतात

वेल्डिंग म्हटलं की ठिणग्या, धूर आणि नंतर हातोडीने टकटक करून काढायचा स्लॅग आठवतो. टिग वेल्डिंगमध्ये यातलं जवळपास काहीच नसतं. स्टीलच्या रेलिंगवर माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा, स्वच्छ जोड दिसला तर तो बहुतेक टिगचाच. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये याला सरळ ‘आर्गॉन’ म्हणतात.

टिगचं वेगळं मशीन महाग पडतं. मग घरातल्या रॉडवाल्या इन्व्हर्टर मशीनवरच हे जमवता येईल का? मशीन डीसी करंट देत असेल, तर येईल. या जुगाडाला ‘स्क्रॅच स्टार्ट टिग’ म्हणतात.

टिगमध्ये नेमकं काय होतं?

साध्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतःच वितळून जोडात भरला जातो. टिगमध्ये टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची बारीक कांडी असते. टंगस्टन वितळायला सुमारे 3,400 अंश सेल्सिअस तापमान लागतं, त्यामुळे ती आर्क पेटवते, पण स्वतः जोडात उतरत नाही. भर घालायची तर दुसऱ्या हातात फिलरची तार धरायची. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून आर्गॉन वायू सुटत राहतो.

1940च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत विकसित केली. तेव्हा आर्गॉनऐवजी हेलियम वापरला जात होता.

काय काय लागतं?

गॅसचा व्हॉल्व्ह हँडलवरच असलेली टिग टॉर्च, आर्गॉनचा सिलिंडर, फ्लो दाखवणारा रेग्युलेटर, टंगस्टन आणि फिलर. टॉर्चची पिन मशीनच्या सॉकेटमध्ये बसते का, हे आधी बघा. गॅसची नळी मशीनला न जोडता थेट रेग्युलेटरला जोडायची. फ्लो मिनिटाला साधारण 8 ते 10 लिटर ठेवतात.

इथे पैसे वाचवायला सीओटू वापरू नका. त्या वायूत टंगस्टन जळून जातं. शुद्ध आर्गॉनच हवा.

पहिली चूक इथेच होते

बऱ्याच रॉडसाठी होल्डर प्लसला लावतात. टिगला उलटं करायचं: टॉर्च मायनसला, अर्थ क्लॅम्प प्लसला. असं केल्यावर बहुतांश उष्णता कामाच्या तुकड्यावर जाते. टॉर्च प्लसलाच राहिली तर तीच उष्णता टंगस्टनवर येते आणि टोक वितळून गोळा होतं.

मशीनवर हॉट स्टार्ट आणि आर्क फोर्सची बटणं असतील तर ती शून्यावर आणा.

आगकाडीसारखं ओढायचं

टिगच्या मशीनमध्ये बटण दाबलं की आधी गॅस येतो, मग टंगस्टन न टेकवता आर्क पेटते. शेवटी करंट हळूहळू कमी होतो आणि आर्क विझल्यावरही गॅस काही सेकंद चालू राहतो. साध्या मशीनवर यातलं काहीच आपोआप होत नाही.

म्हणून आधी व्हॉल्व्ह उघडायचा. मग टंगस्टन धातूवर हलकंसं ओढायचं आणि आर्क पेटताच दोन-तीन मिलिमीटर उचलायचं. टोक चिकटलं तर ते खराब होतं आणि त्याचा कण जोडात अडकू शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे जोडाशेजारी तांब्याचा तुकडा ठेवायचा, त्यावर आर्क पेटवायची आणि मग जोडावर न्यायची.

थांबताना टॉर्च दूर ओढली की आर्क तुटते, पण गरम धातूवरचं गॅसचं पांघरूणही जातं. आर्क तोडल्यावर टॉर्च लगेच परत त्या जागेवर आणून काही सेकंद गॅस सोडत राहा.

अॅल्युमिनियमचं काय?

साधं लोखंड आणि स्टेनलेस स्टील जमतं. अॅल्युमिनियम मात्र नाही. ते 660 अंशाला वितळतं, पण त्यावरच्या ऑक्साइडच्या थराला 2,000 अंशांहून जास्त तापमान लागतं. तो थर फोडायला एसी करंट लागतो आणि या मशीनमधून डीसीच मिळतो.

धोका कुठे आहे?

टॉर्चला बटण नसल्यामुळे मशीन चालू असेपर्यंत टंगस्टनमध्ये वीज असते. टॉर्च टेबलावर ठेवली आणि टोक धातूला लागलं, तर तिथेच आर्क पेटेल. टंगस्टन बदलण्यापूर्वी मशीन बंद करा. हातमोजे कोरडे ठेवा.

आर्गॉनला रंग नाही, वास नाही आणि तो हवेपेक्षा जड आहे. बंद खोलीत तो साचला तर ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला कळतही नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, फक्त वाऱ्याचा झोत थेट जोडावर नको.

लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं. घासताना उडणारी त्याची धूळ श्वासात जाऊ नये, म्हणून लँथेनमचं टंगस्टन घेणं बरं. ब्रेक क्लीनरने जोड पुसू नका. त्यात क्लोरीन असेल तर आर्कमुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

मग करावं का?

शिकायला आणि अधूनमधून स्टीलचं काम करायला ही पद्धत पुरेशी आहे. नवं मशीन घ्यायचंच असेल तर ‘लिफ्ट टिग’ची सोय असलेलं बघा. त्यात टंगस्टन टेकवून उचलायचं असतं आणि टेकवताना करंट कमी असतो, म्हणून टोक टिकतं. रोज बारीक पत्र्याचं काम किंवा अॅल्युमिनियम करायचं असेल, तर मात्र एसी-डीसी टिग मशीनला पर्याय नाही.