चिपाडाची राख, आसवनीचा वायू

प्रवरानगरला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, या कारखान्यातून तेव्हापासून साखरेबरोबर राखही निघते आहे. चिपाड बॉयलरमध्ये जळते आणि राख भरावात, नाहीतर ढिगात जाते. तिला काँक्रीटमध्ये जागा मिळावी आणि इथेनॉल बनवणाऱ्या आसवनीतला कार्बन डायऑक्साइड त्या कामी लागावा, असे मला मनापासून वाटते.

ऊस जमिनीतून सिलिका शोषतो. नीट जळलेल्या चिपाडाच्या राखेत निम्म्याहून अधिक भाग बहुधा तिचाच असतो. राख बारीक दळली की ही सिलिका, सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी जुळते आणि नवा बंध तयार होतो, म्हणून सिमेंट कमी लागते. एक टन क्लिंकर भाजताना सुमारे 800 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतले की या बचतीचे मोल कळते. मात्र राखेत अर्धवट जळलेला काळा कोळसा उरला तर तो पाणी पितो आणि ताकद घटवतो. चाळणे, दळणे, प्रत्येक खेप तपासणे, यात हयगय चालणार नाही.

वायूचे काम वेगळे आहे. तो सिलिकेला धरत नाही, चुन्याला धरतो. जुन्या वाड्यांच्या भिंतींतला चुना हवेतला हा वायू घेत वर्षानुवर्षे पुन्हा दगड होत गेला. बंद खोलीत ओलसर ठोकळ्यांना दाट वायू दिला, तर तेच काम काही तासांत बरेचसे उरकते. 56 किलो कळीचा चुना 44 किलो वायू अडकवू शकतो. पोलाद कारखान्याच्या स्लॅगमध्ये चुना भरपूर, तिथे हा उपाय थेट लागू पडतो. चिपाडाच्या राखेला चुन्याची जोड द्यावीच लागते. तो चुना मुद्दाम भाजून आणला तर भट्टीतूनच तेवढा वायू सुटतो आणि कमाई उरत नाही. म्हणून ऍसिटिलीन गॅस बनवताना टाकाऊ ठरणारा चुना वापरावा.

वायूची टंचाई इथे नाही. आसवनीत एक किलो इथेनॉलमागे जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध.

या वायूने काँक्रीटचा क्षारपणा कमी होतो, आणि आतल्या सळईला गंजापासून तो क्षारपणाच वाचवतो. त्यामुळे स्लॅबपासून दूर राहून पेव्हर ब्लॉक, कर्बचे दगड, कुंपणाचे ठोकळे यांतच सुरुवात करावी. आसवनीचे सांडपाणी जाळून उरलेली राख या मिश्रणात घालू नये. तिच्यात पालाश भरपूर असतो, ती खत म्हणून उसाच्या शेतातच परत जावी.