थकलेल्या कराचा हिशेब

पगारदार मनुष्याचा प्राप्तिकर वेतन हाती पडण्यापूर्वीच कापला जात असल्यामुळे त्याला त्याची फारशी चिंता वाहावी लागत नाही. परंतु भाषांतरकार, छायाचित्रकार, वास्तुविशारद किंवा घरोघर जाऊन विजेची कामे करणारा कारागीर यांच्या हाती येणाऱ्या रकमेतील काही हिस्सा सरकारचा आहे, हे स्मरण ज्याचे त्यालाच ठेवावे लागते. वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत तो हप्त्याहप्त्याने आगाऊ भरावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात एखादे आजारपण, घरातले लग्नकार्य किंवा बुडीत गेलेले येणे यांत तो पैसा खर्च होतो. कित्येकांची तर, गिऱ्हाईक कंपनीने बिलातून १० टक्के कापले म्हणजे आपला संपूर्ण कर पोहोचला, अशी प्रामाणिक समजूत असते. मग एक वर्ष विवरणपत्र राहून जाते, त्याच्या भीतीने दुसरे राहते, आणि दरमहा १ टक्क्याचे व्याज मात्र कोणाची वाट न पाहता चढत जाते.

अशा माणसाला पहिले साहाय्य हवे असते ते थकबाकीचा खरा आकडा ठरविण्याचे, कारण मनातला आकडा बहुधा काल्पनिक असतो. प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या पॅन क्रमांकाखाली ‘२६ एएस’ हा तक्ता आणि वार्षिक माहितीचे विवरण उपलब्ध असते. कोणी किती रक्कम दिली आणि किती कर कापून भरला, हे त्यांवरून कळते, आणि बँकेच्या उताऱ्यांशी ते पडताळले की हिशेबाचा सांगाडा उभा राहतो. ज्याने रीतसर जमाखर्च ठेवलेला नाही अशा लहान व्यावसायिकासाठी कायद्याने अनुमानित उत्पन्नाची सोय केली आहे : सामान्य धंद्यात २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर रोखीच्या जमेचे ८ आणि बँकेमार्फत झालेल्या जमेचे ६ टक्के, तर वकील, डॉक्टर, अभियंता इत्यादी विहित व्यवसायांत ५० लाखांपर्यंतच्या जमेचे निम्मे, इतके उत्पन्न दाखविले असता वह्या ठेवण्याचे बंधन राहत नाही. हिशेबाअंती देणे नसून उलट परतावाच निघतो, असेही कधी कधी आढळते; तेव्हा मार्ग वेगळा असून विलंब माफ करण्याबद्दल वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.

देणे निघाले आणि विभागाची कार्यवाही अद्याप सुरू झाली नसेल, तर २०२२ पासून उपलब्ध असलेले अद्ययावत विवरणपत्र हा राजमार्ग होय. करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष, संपल्यावर पूर्वी २४ महिने असलेली त्याची मुदत २०२५ मध्ये ४८ महिने करण्यात आली. म्हणजे २०२२-२३ सालच्या उत्पन्नाचे असे विवरणपत्र ३१ मार्च २०२८ पर्यंत देता येते. मात्र विलंबाचे मोल चढते आहे : कर व व्याज मिळून जी रक्कम होईल तिच्यावर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, नंतरच्या वर्षांत क्रमाने ५०, ६० आणि ७० टक्के जादा भरावे लागतात. ४०,००० रुपयांच्या देण्यावर आरंभी १०,००० अधिक द्यावे लागले असते, तेथे चौथ्या वर्षी २८,००० द्यावे लागतात, आणि मधल्या काळात वाढलेले व्याज निराळेच. शिवाय ही रक्कम विवरणपत्रापूर्वीच एकरकमी भरावी लागते.

विभागाकडून मागणीची नोटीस आली असेल तर प्रथम तिच्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक संकेतस्थळावर पडताळून ती खरी असल्याची खात्री करावी, आणि मग तिच्यातील ३० दिवसांची मुदत वाया जाऊ देऊ नये. आकड्यात उघड चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा. निर्धारणाच मान्य नसेल तर अपील करावे आणि वसुलीला तहकुबी मागावी, जी साधारणतः विवादित रकमेचा काही हिस्सा भरल्यावर मिळते. देणे मान्य आहे पण ऐपत नाही, अशा थकबाकीदारास मुदतवाढ किंवा हप्ते बांधून देण्याचा अधिकार निर्धारण अधिकाऱ्याला आहे. पण तो अर्ज मुदतीच्या आत आणि उत्पन्न, कर्जे, कुटुंबाचा खर्च यांची पुराव्यासह कैफियत मांडून केलेला असावा. मागणीची रक्कम थकल्याने चढलेले व्याजही खरी हलाखी, आवाक्याबाहेरची परिस्थिती आणि चौकशीत केलेले सहकार्य या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्यास वरिष्ठांना कमी करता येते. यांपैकी काहीच न करणाऱ्याच्या बाबतीत मात्र प्रकरण बँक खात्याच्या जप्तीपर्यंत जाऊ शकते.

या कामी सनदी लेखापाल, वकील किंवा अनुभवी करसल्लागार यांचे साहाय्य घ्यावे; किरकोळ शंकांसाठी आयकर सेवा केंद्रही असते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा अमलात आला असून जुन्या वर्षांचे प्रश्न मात्र १९६१ च्या कायद्याशी निगडित आहेत, म्हणून दोहोंची माहिती असलेला माणूस निवडावा. त्याची फी आधी ठरवावी, भरलेल्या प्रत्येक रकमेचे चलन स्वतःजवळ ठेवावे, आणि ‘साहेबांशी बोलून निम्म्यात मिटवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. मागील देणे फिटत असताना चालू वर्षाचा आगाऊ कर मात्र चुकवू नये. प्रत्येक जमेतला एक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकण्याची शिस्त लागली नाही, तर जुनी थकबाकी संपण्यापूर्वीच नवी उभी राहते, आणि हप्त्यांची मिळालेली सवलत व्यर्थ जाते.